थायरॉइडची गाठ आणि पांढऱ्या पेशी ४१,२००: आईला दोन कर्करोग आहेत का?

तापीकाठ | ३० नोव्हेंबर, रात्री ११:४०

नमस्कार. मी शिरपूरजवळच्या एका गावातली. आई ६७ वर्षांची. हे तिच्याबद्दल आहे, थोडं लांबेल.

आईच्या गळ्याला गाठ माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे, म्हणजे निदान अठ्ठावीस वर्षं. लिंबाएवढी, गिळताना वरखाली होणारी. आमच्याकडे सातपुड्याच्या पट्ट्यात अशा गाठी कितीतरी बायकांना होत्या. आजीला होती, आत्याला होती. दोघीही त्या गाठीसकट म्हाताऱ्या होऊन गेल्या. मधे दोनदा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी केली, बरोबर आली. विषय तिथेच राहिला.

यंदा भाऊबीजेला मामा आले. पाटावर बसल्या बसल्या म्हणाले, "ताई, तुझा आवाज का बसलाय?" आई म्हणाली, फराळाचं तेल लागलं असेल. त्याच आठवड्यात म्हणाली, पोत गळ्याला रुततेय. मी हात लावून पाहिला तर गाठ दगडासारखी टणक आणि एका बाजूला सरकलेली. आज ती मोठ्या मोसंबीएवढी आहे. सत्तावीस दिवसांत. कळण्याची भाकरी जन्मभर खाल्लेली बाई, आता दुधात कुस्करलेला घासही अडकतो.

आता रक्ताचे आकडे.
१२ नोव्हेंबर: पांढऱ्या पेशी १८,६००, त्यातल्या न्यूट्रोफिल ८४ टक्के, प्लेटलेट ५.२ लाख, हिमोग्लोबिन ९.८.
२१ नोव्हेंबर: २७,४००, न्यूट्रोफिल ८९, प्लेटलेट ५.९ लाख, हिमोग्लोबिन ९.४.
२९ नोव्हेंबर: ४१,२००, न्यूट्रोफिल ९२, प्लेटलेट ६.४ लाख, हिमोग्लोबिन ८.९.

पहिल्या रिपोर्टपासून सगळे एकच सांगतायत, शरीरात कुठेतरी इन्फेक्शन आहे. तीन अँटिबायोटिक झाले. लघवी तपासली, स्वच्छ. एका ठिकाणी सांगितलं, दाढेत पू असेल, म्हणून उजवीकडची दाढ काढली. तिला गिळता येत नव्हतं आणि आम्ही तिची दाढ काढून आणली. ते आठवलं की अजून पोटात तुटतं. संध्याकाळी थोडा ताप येतो, १००च्या आसपास, थंडी वाजत नाही.

गाठीत सुई घातली तेव्हा पहिल्यांदा नुसतं रक्त आणि मेलेल्या पेशी आल्या, निदान झालं नाही. मग आग्रा रोडने नाशिकला नेलं, जाड सुईची बायोप्सी झाली. बुधवारी रिपोर्ट आला: अ‍ॅनाप्लास्टिक कार्सिनोमा, थायरॉइड. वाचून काही कळलं नाही. मग मोबाइलवर वाचलं आणि कळलं, थायरॉइडच्या कर्करोगातला हा सगळ्यात वेगाने वाढणारा प्रकार.

आता एक डॉक्टर म्हणतात, पेशी खाली येईपर्यंत काही सुरू करता येणार नाही, आणखी सात दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक देऊ. दुसरे म्हणतात, एवढ्या पेशी म्हणजे रक्ताचाही कर्करोग असू शकतो, कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासू. भाऊ मला विचारतो काय करायचं, आणि मी बारावी कॉमर्स. आईला खरंच दोन कर्करोग आहेत का? आणि हे सात दिवस थांबायचं का?

अजून एक, बहुधा याच्याशी संबंध नसेल. आई दिवसभर पेंगते, पाणी सारखं मागते, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठते. साखर तपासली, ठीक आहे. पोट साफ होत नाही, ते लोहाच्या गोळ्यांमुळे असेल.

---

निशिगंध | ३० नोव्हेंबर, रात्री ११:५८

मी सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. ताई, धाप लागते म्हणून डेक्सा सुरू केलंय का? डेक्सामेथासोन, स्टिरॉइड असतं ते. त्याने पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. कधी सुरू झालं ती तारीख बघून सांगा.

आणि आता रात्री श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो का? येत असेल तर सकाळची वाट बघू नका.

---

तापीकाठ | १ डिसेंबर, पहाटे १२:२०

केसपेपर बघितला. डेक्सा गुरुवारी २८ तारखेला सुरू झालं. म्हणजे १८ हजार आणि २७ हजार त्याच्या आधीचे. आवाज जिना चढताना येतो, झोपल्यावर नाही. उशाशी दोन उशा लागतात.

---

काचपट्टी | १ डिसेंबर, पहाटे ४:५०

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट. एकतीस वर्षं एका जिल्ह्याच्या गावी रक्त आणि गाठी तपासल्या, गेल्या वर्षी निवृत्त झाले. काच, म्हणजे रक्ताची किंवा गाठीची स्लाइड, स्वतः पाहिल्याशिवाय मी निदान सांगत नाही, इथेही सांगणार नाही. पण तुमचे तीन रिपोर्ट मी कागदावर एकाखाली एक लिहिले आणि मग झोप आली नाही.

आधी तुमचा प्रश्न. बहुतेक करून दोन कर्करोग नाहीत. कर्करोग एकच आहे, गळ्यातला, आणि रक्तातल्या त्या पेशी त्याच्या सांगण्यावरून तयार होतायत.

माणसाच्या अस्थिमज्जेत रोज साधारण दहा हजार कोटी न्यूट्रोफिल बनतात. किती बनवायच्या, कधी बाहेर सोडायच्या, याचा हुकूम मुख्यतः जी-सीएसएफ नावाचं प्रथिन देतं. केमोनंतर पेशी घसरल्या की हेच प्रथिन आपण फिलग्रास्टिमच्या इंजेक्शनातून देतो. अ‍ॅनाप्लास्टिकच्या काही गाठी ते स्वतःच बनवून रक्तात सोडतात. मज्जेला हुकूम कुठून आला ते कळत नाही, ती कामाला लागते. म्हणजे तुमच्या आईच्या या पांढऱ्या पेशी कर्करोगाच्या नाहीत. त्या चांगल्याच पेशी आहेत, फक्त कुणी न बोलावता आलेल्या.

प्लेटलेट आणि हिमोग्लोबिनचंही बघा. अशा गाठींमधून आयएल-६ नावाचा आणखी एक निरोप्या सुटतो. तो यकृताला थ्रोम्बोपोएटिन वाढवायला लावतो, की प्लेटलेट चढतात. तोच हेप्सिडिन वाढवतो, की शरीरातलं लोह साठ्यात कुलूपबंद होतं आणि हिमोग्लोबिन उतरतं. संध्याकाळचा बारीक तापही त्याचाच असू शकतो. १२ तारखेपासून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट चढतच चालल्यात, हिमोग्लोबिन उतरतच चाललंय, आणि तीन अँटिबायोटिकनी त्या चालीला कुठेही खीळ बसलेली नाही. लोहाच्या गोळ्यांचा इथे फारसा उपयोग नाही, साठ्यातलं लोह दाखवणारं फेरिटिन करून बघा, ते वाढलेलंच निघेल असा माझा अंदाज आहे.

निशिगंध यांचा प्रश्न अगदी योग्य होता. स्टिरॉइडने रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात. २९ तारखेच्या ४१ हजारांत काही हजारांचा वाटा डेक्साचा असेल. २७ हजारांत तो नाही.

आता मी इतकं ठामपणे का बोलतेय ते सांगते. १९९९ साली माझ्याकडे एका शेतकऱ्याचं रक्त आलं. वय ५८. फॉर्मवर 'ताप, अशक्तपणा' एवढंच. पांढऱ्या पेशी ३६ हजार. काचेवर न्यूट्रोफिलच्या पोटात गडद जांभळे दाणे गच्च भरलेले, टॉक्सिक ग्रॅन्युल्स, जे आम्हाला पहिल्या वर्षापासून जिवाणूसंसर्गाची खूण म्हणून शिकवतात. मी रिपोर्टवर लिहिलं, 'संसर्गाचा शोध घ्यावा.' सहा आठवड्यांनी त्यांच्या गळ्यातल्या गाठीची सुई माझ्याच टेबलावर आली. तोवर श्वासनलिका दाबली गेली होती. जी-सीएसएफचं इंजेक्शन घेतलेल्या माणसाच्या न्यूट्रोफिलमध्येही अगदी तेच दाणे दिसतात. हे मी वाचलेलं होतं. त्या दिवशी मला ते आठवलं नाही, आणि फोन उचलून 'गळ्याला काही आहे का' एवढंही मी विचारलं नाही. त्यानंतर पेशी तीस हजारांवर आणि कारण सापडत नाही असं दिसलं की मी प्रत्येक रिपोर्टमागे फोन करत आले.

याचा अर्थ संसर्ग नाहीच असं धरून चालायचं, असा नाही. या आजारात तोही होतो. आवाज बसलाय म्हणजे स्वरतंतूची नस गेली असावी. मग दूध श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. गाठीच्या मेलेल्या मधल्या भागात पूही धरू शकतो. म्हणून दोन ब्लड कल्चर, छातीचा एक्स-रे आणि गळ्याच्या सीटीत पू दिसतो का ते बघायचं. प्रोकॅल्सिटोनिनही करतात, ते जिवाणूसंसर्गात वाढतं. (थायरॉइडच्या दुसऱ्या एका कर्करोगात, मेड्युलरीत, हे संसर्गाशिवायच खूप वाढतं, कारण ती गाठच ते बनवते. तुमचा प्रकार तो नाही, पण थायरॉइडच्या रुग्णात हा आकडा वाचताना मी नेहमी जरा थांबते.) हे सगळं दोन दिवसांत होतं. अँटिबायोटिक चालू ठेवायचे असतील तर ठेवा, पण त्यासाठी बाकीचं थांबवू नका. गाठच पेशी वाढवत असेल तर गाठीवर उपाय होईपर्यंत त्या खाली येणार नाहीत. तुमच्या डॉक्टरांना हे एवढं एकच वाक्य विचारा: 'ही गाठच जी-सीएसएफ बनवत असेल का?' नीट डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

मज्जेची सुई लगेच नको, असं माझं मत. आधी काच एखाद्या अनुभवी माणसाकडून, यंत्राने नव्हे, सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच्या डोळ्यांनी तपासून घ्या. ब्लास्ट म्हणजे कच्च्या पेशी आहेत का, बेसोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी वाढल्यात का. आणि हाताच्या रक्तातून बीसीआर-एबीएल ही जनुकाची तपासणी. ते निगेटिव्ह आलं की ज्या रक्तकर्करोगाची त्या डॉक्टरांना शंका आहे तो जवळजवळ बाद होतो. पुढे पेट स्कॅन झालाच तर आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. जोरात कामाला लागलेली मज्जा स्कॅनवर सगळीकडे सारखी उजळते, प्लीहाही उजळते. ते पाहून 'सगळ्या हाडांत पसरलं' असं कुणी घाईने म्हणालं, तर पेशी किती होत्या ते रेडिओलॉजिस्टना आधी सांगा.

शेवटचा परिच्छेद तुम्ही 'संबंध नसेल' म्हणून लिहिलात. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. पेंगणं, तहान, रात्रीची लघवी, बद्धकोष्ठ, आणि साखर ठीक. रक्तातलं कॅल्शियम वाढलं की असंच होतं. कॅल्शियम केलंय का? अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन? उठल्यावर दोन्ही आकडे इथे टाका.

खोटा धीर मी देणार नाही. टोकियोच्या शल्यचिकित्सकांनी २००१ मध्ये या आजाराच्या ज्या चार वाईट खुणा मांडल्या, त्यात दहा हजारांवरच्या पांढऱ्या पेशी ही एक आहे. बाकीच्या तीन म्हणजे पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ, दूरवर पसरणं आणि अचानक सुरू झालेला त्रास. म्हणूनच सात दिवस थांबणं मला पटत नाही.

---

तापीकाठ | १ डिसेंबर, सकाळी ७:१५

मॅडम, २१ तारखेच्या रिपोर्टात आहे. कॅल्शियम १०.३, पुढे ८.५ ते १०.५ लिहिलंय, म्हणजे बरोबर आहे ना? अल्ब्युमिन २.३, त्यापुढे बाण खाली.

---

काचपट्टी | १ डिसेंबर, सकाळी ७:२२

बरोबर नाही. रक्तातलं बरंचसं कॅल्शियम अल्ब्युमिनला चिकटून फिरतं. अल्ब्युमिन कमी असलं की मोजलेला आकडा फसवा कमी येतो. ४ मधून २.३ गेले १.७, गुणिले ०.८ म्हणजे १.३६. ते १०.३ मध्ये मिळवा: जवळजवळ ११.७. आणि हे दहा दिवसांपूर्वीचं. आज आणखी वर असणार.

हेही गाठच करते, पीटीएचआरपी नावाचा पदार्थ सोडून. पांढऱ्या पेशी आणि कॅल्शियम जोडीने वाढलेले मी दोनदा पाहिलेत. आईंना आजच, रविवार असला तरी, दवाखान्यात न्या. आयनाइज्ड कॅल्शियम, क्रिएटिनिन, ईसीजी. याला उपाय आहे: सलाइन, आणि झोलेड्रोनिक अ‍ॅसिड. गळ्यासाठी पुढे काहीही ठरो, हे आज सुधारता येतं. घरात कॅल्शियम किंवा डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर बंद.

---

आरोग्यमित्र_७२ | १ डिसेंबर, सकाळी ९:०५

गुळवेलीचा काढा सकाळ-संध्याकाळ द्या. प्रतिकारशक्ती वाढते. माझ्या साडूंना फरक पडला होता.

---

काचपट्टी | १ डिसेंबर, सकाळी ९:३०

तुम्ही आपुलकीने लिहिलंत हे समजतं. पण या बाईंच्या रक्तात प्रतिकाराच्या पेशी पाचपट झाल्यात, त्या वाढवायला आणखी काही नको. शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलंय. आणि त्यांना गिळता येत नाही. पातळ काढा सरळ श्वासनलिकेत जाईल.

---

कृष्णाकाठ | १ डिसेंबर, दुपारी २:१०

ताई, माझ्या वडिलांना, आमच्या दादांना, हाच आजार होता, २०२२ साली. आम्ही कराड भागातले. त्यांच्याही पेशी ३३ हजार होत्या आणि आमचेही सोळा दिवस इन्फेक्शन शोधण्यात गेले. मॅडमनी लिहिलंय तसं तेव्हा कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं.

मला वैद्यकीय काही कळत नाही, आम्ही काय केलं तेवढंच सांगतो.

नाशिकच्या लॅबमधून बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि काचा आजच मागून घ्या. अर्ज द्यावा लागतो, रुग्णाचं ओळखपत्र लागतं. नुसता रिपोर्ट घेऊन मोठ्या रुग्णालयात गेलात तर ब्लॉक आणायला परत पाठवतात, दोन दिवस जातात. आम्ही परळला टाटाला गेलो तेव्हा ब्लॉक सोबत होता म्हणून बीआरएएफ या जनुकाची तपासणी लगेच लागली. या आजारात साधारण पाचातल्या दोघांत तो बीआरएएफचा बदल सापडतो, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. सापडला तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या गोळ्यांची जोडी देतात. अमेरिकेत या आजारासाठी तिला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. आधी अशा पेशंटला देण्यासारखं फार काही नव्हतं म्हणे. आयोडीनचा डोस यात चालत नाही, या पेशी आयोडीन ओढतच नाहीत.

दादांचा बदल पॉझिटिव्ह निघाला. गोळ्या महाग आहेत, समाजसेवा विभागातल्या ताईंनी मदत मिळवून दिली. चौथ्या दिवशी १०२ ताप. आम्ही घाबरलो, पुन्हा इन्फेक्शन म्हणून. तो गोळ्यांचा ताप होता, दोन दिवस थांबवून पुन्हा सुरू केल्या. बाराव्या दिवशी पेशी ९,८००. गाठ तोवर हाताला थोडीच कमी लागत होती, पण रक्त आधी बोललं. मी वहीत रोजचा आकडा लिहायचो. सहाव्या महिन्याच्या शेवटी १४ हजार, मग २२ हजार. स्कॅन पंधरा दिवसांनी झाला आणि त्यात गाठ परत वाढलेली दिसली. मला आधीच कळलं होतं. दादांना मी सांगितलं नाही, तारीख येईपर्यंत.

आम्हाला पाच महिने सांगितले होते, दादा अकरा महिने होते. त्यातले सात चांगले गेले. ऊस तुटताना बांधावर खुर्ची टाकून बसले होते.

एक गोष्ट मात्र आताच बोलून ठेवा. गळ्याला छेद देऊन नळी बसवायची का, हे दिवसा, आईला विचारून, सगळ्यांनी बसून ठरवा. आमच्यावर ती वेळ रात्री दोन वाजता आली. दादांना बोलता येत नव्हतं आणि आम्ही तिघं भाऊ एकमेकांकडे बघत उभे होतो. दादांना काय हवं होतं ते मला आजही माहीत नाही.

---

तापीकाठ | १४ डिसेंबर, रात्री १०:०५

इतके दिवस लिहू शकले नाही. सगळ्यांना सांगायचं होतं.

त्या रविवारीच धुळ्याला नेलं. कॅल्शियम त्या दिवशी १२.६ निघालं, अल्ब्युमिन धरून चौदाच्या जवळ. ड्यूटीवरच्या लहान डॉक्टरीण बाई ईसीजी बघून लगेच कामाला लागल्या. सलाइन, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड. तिसऱ्या दिवशी आईने डोळे नीट उघडले आणि पहिलं विचारलं, कांद्याची लागण झाली का. आम्हाला वाटलं होतं आजार डोक्यात गेला. ती नुसती कॅल्शियमची झोप होती. मॅडम, तुम्ही पहाटे पाच वाजता तो शेवटचा परिच्छेद वाचला नसता तर ती तशीच पेंगत गेली असती.

कल्चर दोन्ही स्वच्छ. बीसीआर-एबीएल निगेटिव्ह. मज्जा काढली नाही. तुम्ही सांगितलेलं वाक्य मी मोठ्या डॉक्टरांना तसंच विचारलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, शक्य आहे, आणि अँटिबायोटिक त्या दिवशी बंद केलं.

ब्लॉक घेऊन मुंबईला गेलो. कृष्णाकाठ दादा, आमचा बीआरएएफ निगेटिव्ह आला. गाठीने मानेची मोठी रक्तवाहिनी वेढलीय, ऑपरेशन होणार नाही. फुप्फुसात ठिपके आहेत. पेशी ५८ हजारांपर्यंत गेल्या होत्या. पाच दिवसांचं रेडिएशन झालं, त्रास कमी व्हावा म्हणून. परवा ४४ हजार होत्या.

नळीचं आम्ही दिवसाच ठरवलं. आईने विचारलं, नळी घातली तर घरी जाता येईल का. डॉक्टर हो म्हणाले, मग तीही हो म्हणाली. आता बोलता येत नाही, नातवाची पाटी दिलीय. चौथी शिकलेली आहे, अक्षर मोठं आणि सरळ.

आता एकच विचारायचंय. रोज सकाळी सीबीसीसाठी, म्हणजे पेशी मोजायला, रक्त काढतात. दोन्ही हातांच्या शिरा काळ्यानिळ्या झाल्यात, काल तीनदा टोचावं लागलं. आज आईने पाटीवर लिहिलं, 'सुई नको.' रोज बघणं गरजेचं आहे का? नाही म्हणायला मला भीती वाटते. आकडा बघितला नाही आणि काही राहून गेलं तर.

---

काचपट्टी | १४ डिसेंबर, रात्री १०:३१

ताई, बीआरएएफचं वाचून वाईट वाटलं. मनापासून.

रोजच्या सीबीसीची गरज मला दिसत नाही. तो आकडा ४४ हजार असो की ६०, त्यावर उद्या कोणतंही औषध बदलणार नाही. तो खाली आणण्यासाठी वेगळं काही द्यायचंही नसतं. या पेशींनी स्वतःहून आईंना वेदना होत नाहीत. ज्या आकड्याने काही ठरतं तो कॅल्शियमचा. झोलेड्रोनिकचा परिणाम काही आठवड्यांनी उतरतो. पुन्हा पेंगू लागल्या, तहान वाढली, पोट अडकलं, तर तेवढ्यापुरतं रक्त घ्या. त्यात हिमोग्लोबिनही बघून होईल. उद्या राऊंडच्या वेळी ती पाटी डॉक्टरांना दाखवा आणि हेच विचारा.

---

निशिगंध | १४ डिसेंबर, रात्री ११:१०

घरी नेण्याआधी सक्शन मशीन भाड्याने मिळतं का ते बघा, आणि वीज जाते त्यासाठी पायाने चालवायचंही एक घ्या. नळीची आतली बाजू काढून धुवायची असते, ते तुम्ही आणि भाऊ दोघांनी सिस्टरसमोर दोन-दोनदा करून दाखवा. मॉर्फिनची चिठ्ठी निघताना मागा, ते साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही. त्यासोबत पोट साफ होण्याचं औषध लिहून घ्यायला विसरू नका.

---

तापीकाठ | १५ डिसेंबर, दुपारी १:४०

पाटी दाखवली. डॉक्टरांनी केसपेपरवरचं 'रोज सीबीसी' माझ्यासमोर खोडलं. मशीन धुळ्यात मिळतंय, भाऊ आणायला गेलाय. नळी मी आज दोनदा धुतली, दुसऱ्यांदा हात थरथरले नाहीत. मंगळवारी घरी नेतोय.